शाळेचे उद्दिष्ट टक्क्यांत नको, मुलांच्या संख्येत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना प्राथमिक शाळा वर्षभराचा आराखडा करतात. ‘वाचनाची गुणवत्ता वाढवणे’, ‘गणिताची भीती घालवणे’, ‘शंभर टक्के उपस्थिती’, ‘सर्वांगीण विकास’ अशी वाक्ये त्यात हमखास असतात. हेतू चांगलाच असतो. पण वर्ष संपल्यावर यातले काय साधले आणि काय राहिले हे कोणालाच सांगता येत नाही, कारण सुरुवात कुठून केली ते लिहिलेले नसते आणि पोहोचायचे कुठे तेही नसते. पुढच्या वर्षी वर्षाचा आकडा बदलून तोच कागद पुन्हा सादर होतो. उद्दिष्ट ठरवायचे तर ते कसे, आणि ते फसते कुठे, हे थोडे तपशिलात मांडत आहे.

पहिली अडचण अशी की शाळा उद्दिष्ट ठरवायला बसते तेव्हा तिच्यासमोर फक्त मागच्या परीक्षेची टक्केवारी असते. तिसरीचे भाषेचे सरासरी गुण 62 टक्के आहेत, ते 70 करायचे. या आकड्यावरून शिक्षकाने सोमवारी सकाळी वर्गात जाऊन वेगळे काय करायचे, याचा काहीच बोध होत नाही. मूल अडले कुठे ते आधी कळायला हवे, आणि ते लेखी परीक्षेतून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाला एकेकटे समोर बसवून त्याचे वाचन ऐकावे लागते.

ही मोजणी अवघड नाही, पण तिचे नियम पाळावे लागतात. मुलाने कधी न पाहिलेला, 80 ते 100 शब्दांचा उतारा घ्यायचा. पाठ्यपुस्तकातला धडा चालत नाही, कारण तो अनेकांना तोंडपाठ असतो. मुलाच्या हातात एक प्रत, शिक्षकाच्या हातात दुसरी. मूल वाचू लागले की चुकलेल्या शब्दावर रेघ मारायची आणि मुलाने काय वाचले ते वर लिहायचे. एखाद्या शब्दावर तीन सेकंदांहून जास्त थांबले तर शब्द सांगायचा आणि तो चुकीत धरायचा. मिनिट झाले की तिथे खूण करायची, मात्र मुलाला थांबवायचे नाही, उतारा पुरा करू द्यायचा. मग चार-पाच प्रश्न. त्यातल्या दोनांची उत्तरे उताऱ्यात जशीच्या तशी सापडू नयेत, नाहीतर मूल शब्द शोधून उत्तर देते आणि ते अर्थ समजून उत्तर देत आहे असे आपल्याला वाटते. एका मुलाला जेमतेम पाच मिनिटे लागतात. 28 मुलांच्या वर्गात रोज सात मुले घेतली तर चार दिवसांत काम होते.

वर लिहून ठेवलेले ते चुकीचे शब्दच पुढे सर्वाधिक उपयोगी पडतात. दोन मुले मिनिटाला 35 शब्द वाचतात असे समजा. पहिले मूल अक्षर अक्षर लावत जाते, जोडाक्षर आले की थबकते, रफार असलेल्या शब्दाला दोनदा धडका देते, पण वाचलेला शब्द बहुधा बरोबर असतो. दुसरे मूल झरझर वाचते आणि शब्दाचे पहिले अक्षर बघून बाकीचे मनाने भरते. ‘घरातला’ असेल तिथे ‘घरात’ म्हणते, ‘पाणी’ असेल तिथे ‘पानं’. आकडा दोघांचा एकच, पण पहिल्याला जोडाक्षरांचा आणि सलग वाचनाचा सराव हवा, तर दुसऱ्याला थांबून शब्दाच्या शेवटापर्यंत डोळे नेण्याची सवय. ‘वाचन सुधारणे’ असे लिहिणाऱ्या शाळेत दोघांनाही एकच गृहपाठ मिळतो.

गणिताचेही तसेच. 402 मधून 178 वजा करायला सांगितले आणि एका मुलाने उत्तर 376 काढले, दुसऱ्याने 234. दोघांनाही शून्य गुण. पण 376 लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. वरची संख्या एकसंध आहे, तिच्यातून दशक सुटा करायचा असतो, हे त्याला उमगलेलेच नाही. 234 लिहिणाऱ्याला हातच्याची वजाबाकी येते. शतक सुटे करून झालेल्या दहा दशकांतला एक एककाकडे दिल्यावर तिथे नऊ उरतात, एवढेच ते विसरले आहे. पहिल्याला काठ्यांचे गठ्ठे हातात देऊन चार-पाच आठवडे पुन्हा मुळापासून शिकवावे लागेल. दुसऱ्याला मधे शून्य असलेली दहा-बारा उदाहरणे शिक्षकासमोर सोडवली की पुरे. म्हणून उत्तरपत्रिका तपासताना चुकीच्या उत्तरावर फुली मारून पुढे न जाता ते उत्तर वहीत उतरवून ठेवावे. एक पान पुरते.

या निदानानंतरच उद्दिष्ट लिहायला घ्यावे आणि ते टक्क्यांऐवजी मुलांच्या संख्येत लिहावे. 25 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के. वर्षाच्या मध्यात दोन मुले शाळा सोडून गेली किंवा दोन नवी आली की आठ टक्क्यांची उलथापालथ होते आणि शिकवण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो. त्याहून मोठी चूक म्हणजे यंदाच्या तिसरीची तुलना गेल्या वर्षीच्या तिसरीशी करणे. ती मुलेच वेगळी आहेत. त्याच मुलांचे जूनमध्ये काय होते आणि मार्चमध्ये काय झाले, एवढीच तुलना शाळेच्या कामाबद्दल काही सांगते.

नेमके लिहायचे कसे? समजा तिसरीत 28 मुले आहेत. त्यातली 3 फक्त अक्षरे ओळखतात, 5 सुटे शब्द वाचतात, 9 वाक्य वाचतात आणि 11 मुले उतारा अर्थासह वाचतात. आता उद्दिष्ट असे होईल: ‘मार्चअखेर वाक्यावरची 9 मुले उताऱ्यापर्यंत जातील, म्हणजे उतारा वाचणारी 20 होतील, शब्दांवरची 5 किमान वाक्यापर्यंत येतील, अक्षरांवरची 3 मुले काना, मात्रा, वेलांटी, उकार असलेले अपरिचित शब्द स्वतः लावून वाचतील, आणि आज उतारा वाचणारी 11 मुले मोठी गोष्ट वाचून तिच्याबद्दल लेखी चार वाक्ये लिहितील.’ लांबलचक आहे खरे, पण यात एकही मूल सुटलेले नाही.

सगळ्या मुलांना धरण्याचा हा आग्रह मी मुद्दाम धरते. ‘इतक्या टक्के मुलांनी अमुक रेषा ओलांडावी’ असे उद्दिष्ट ठेवले की शाळेचे सगळे लक्ष रेषेच्या थोडे खाली असलेल्या चार-पाच मुलांवर जाते, कारण आकडा त्यांच्यामुळेच हलतो. तळाची मुले या वर्षी रेषेपर्यंत येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असते, मग त्यांच्यावर खर्च केलेला वेळ वाया गेल्यासारखा वाटू लागतो. ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज आहे तीच मुले उद्दिष्टाच्या बाहेर पडतात.

हे मोठ्या प्रमाणावर घडूनही गेले आहे. अमेरिकेत 2002 साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा लागू झाला. 2014 पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ठरलेल्या पातळीवर आले पाहिजे, आणि दरवर्षी पुरेशी वाढ न दाखवणाऱ्या शाळांवर कारवाई होईल, अशी त्याची रचना होती. पातळी कोणती हे मात्र प्रत्येक राज्याने आपापले ठरवायचे होते. 2014 उजाडण्याआधीच बहुतेक राज्यांना या अटीतून सूट द्यावी लागली आणि डिसेंबर 2015 मध्ये त्या जागी दुसरा कायदा आला. दरम्यान अटलांटा शहरातल्या शाळांमध्ये मुलांच्या उत्तरपत्रिकांवर खाडाखोड करून उत्तरे दुरुस्त केल्याचे उघड झाले. 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळा आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापकांचा उल्लेख होता. ही सगळी माणसे मुळात वाईट होती असे मला वाटत नाही. एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त अवलंबून, तितका तो आकडा आणि ज्याचे मोजमाप चालले आहे ते काम दोन्ही बिघडण्याची शक्यता जास्त, असे डोनाल्ड कॅम्पबेल या समाजवैज्ञानिकाने 1970 च्या दशकातच मांडून ठेवले होते. म्हणून शाळेच्या आतल्या या मोजणीचा वेतनवाढ, बदली, क्रमवारी किंवा सत्कार यांच्याशी काहीही संबंध ठेवू नये. तसा संबंध जोडला की खरी संख्या कळायची थांबते.

वेगाच्या आकड्यांबद्दलही सावध राहावे लागते. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असे लक्ष्य आहे. दिशा म्हणून ते ठीक आहे. पण इंग्रजी वाचनाच्या वेगाचे तक्ते मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘शाळेसमोरच्या’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार शब्द लागतात. मराठीतल्या मराठीतही ‘कमल घर बघ’ धाटणीचा उतारा आणि जोडाक्षरांनी भरलेला उतारा यांत एकाच मुलाच्या वेगात मोठा फरक दिसतो. जूनमध्ये कठीण उतारा आणि मार्चमध्ये सोपा उतारा दिला तर काही न करताही प्रगती दिसेल. यावर उपाय म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच सारख्या पातळीचे चार-पाच उतारे निवडून ठेवायचे, ते आठ-दहा मुलांकडून वाचून घ्यायचे आणि ज्या उताऱ्यात सगळ्यांचाच वेग फार वेगळा येतो तो बाजूला काढायचा.

आणखी एक सापळा. एकाच दिवशीच्या एकाच चाचणीवरून सर्वांत मागे असलेली मुले निवडली तर त्यातली काही त्या दिवशी आजारी, घाबरलेली किंवा उपाशी असतात. पुढच्या चाचणीत ती आपोआप वर येतात आणि श्रेय आपल्या उपक्रमाला मिळते. तळाच्या गटातल्या मुलांची आठवड्याभराने दुसऱ्या उताऱ्यावर पुन्हा एकदा मोजणी करावी, मगच गट पक्का करावा.

आता कारणांकडे. आराखड्यातल्या ‘कारणे’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘पालकांचे दुर्लक्ष’, ‘घरी अभ्यासाचे वातावरण नाही’ असे लिहिलेले असते. ते काही घरांबाबत खरेही असेल. पण शाळेला जे बदलता येत नाही ते कारणांत लिहून उपयोग काय? तासिकेतली मिनिटे मात्र शाळेच्या हातात असतात. 40 मिनिटांची तासिका आणि 30 मुले. हजेरी, वह्या काढणे, सूचना यांत दहा मिनिटे गेली असे धरले तर एकेकाने उठून वाचण्याच्या पद्धतीत एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते, बाकीची 29 मिनिटे ते ऐकते किंवा ऐकल्यासारखे करते. सामूहिक वाचनात तर न वाचता येणारे मूल अर्धा क्षण मागे राहून इतरांचा आवाज उचलते. शिक्षकाला सुरात वाचणारा वर्ग ऐकू येतो, अडलेले मूल ऐकूच येत नाही. हीच मुले जोड्यांनी बसवली आणि दहा मिनिटांत आधी एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचे, अर्ध्यावर अदलाबदल, असे केले तर प्रत्येकाला पाच मिनिटे प्रत्यक्ष वाचन मिळते. एका तासिकेत पाचपट. जोड्या लावताना सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे असलेले मूल एकत्र बसवू नये. हुशार मूल कंटाळून शब्द सांगत सुटते आणि दुसरे ते नुसते पुन्हा म्हणते. एक-दीड पायरीचे अंतर पुरे.

म्हणून उद्दिष्टाखाली कामही तितक्याच नेमकेपणाने लिहावे: कोणत्या तासिकेत, किती मिनिटे, कोण, कोणत्या मुलांबरोबर. ‘उपचारात्मक अध्यापन करणे’ हे काम होत नाही. ‘रोज दुसऱ्या तासिकेत 10 मिनिटे जोडीवाचन, त्यानंतर 15 मिनिटे अक्षर-शब्द गटातली 8 मुले शिक्षकाजवळ, बाकीची गोष्टीची पुस्तके घेऊन’ हे काम झाले. आठवड्यात पाचपैकी किमान चार दिवस ते झाले का, याची खूण वर्गातल्या कॅलेंडरवर करावी. शिक्षक रजेवर किंवा दुसऱ्या कामावर असेल तर ती 15 मिनिटे कोण घेणार, तेही आधीच लिहावे. निकाल हलला नाही की पद्धत चुकली असे सगळे म्हणतात. कॅलेंडर पाहिले तर कित्येकदा पद्धत वापरलीच गेलेली नसते.

अशी उद्दिष्टे एका वर्षाला दोन पुरेत, फार तर तीन. वरचे एक उद्दिष्टच रोजची 25 मिनिटे आणि दर सहा आठवड्यांनी चार दिवसांची मोजणी मागते. बारा उद्दिष्टांचा आराखडा हा वेळेचा हिशेब न करता केलेला असतो. भिंती रंगवणे, संगणक बसवणे, कुंपण घालणे ही कामे आवश्यक असतील तर वेगळ्या यादीत जावीत. त्यांनी शिकण्याच्या उद्दिष्टांची जागा घेऊ नये.

हजेरीचे उद्दिष्ट ठेवायचे असेल तर सरासरीपासून दूर राहावे. 30 मुलांच्या वर्गात 24 मुलांची उपस्थिती 98 टक्के आणि 6 मुलांची 66 टक्के असेल, तरी वर्गाची सरासरी जवळजवळ 92 टक्के येते आणि कोणाला काही वावगे वाटत नाही. ती सहा मुले मात्र वर्षाचा एक तृतीयांश भाग शाळेबाहेर असतात. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांची संख्या मोजावी. 200 दिवसांच्या वर्षात ते 20 दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोन. पहिल्या महिन्याच्या शेवटीच हजेरीपटावरून ही नावे काढता येतात. मग प्रत्येकाचे कारण वेगळे शोधायचे: आजारपण, धाकट्या भावंडाला सांभाळणे, लांबचा रस्ता, वर्गातल्या एखाद्या मुलाची किंवा शिक्षकाची भीती. चारही कारणांवर ‘पालकभेट’ हा एकच उपाय लिहिला तर एखाददुसऱ्याच घरी उपयोग होईल. आणि ‘शंभर टक्के उपस्थिती’ लिहूच नये. मुले आजारी पडणारच. अशा उद्दिष्टाने फक्त खोटी हजेरी लावण्याचा मोह वाढतो.

आढावा सहा आठवड्यांनी घ्यावा. दर आठवड्याला मोजले तर एवढ्या लवकर फरक दिसत नाही आणि शिकवण्याचा वेळ जातो, सहा महिन्यांनी मोजले तर बदल करायला वर्ष उरत नाही. मोजणी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने करावी. यात अविश्वासाचा प्रश्न नाही: आपल्या वर्गातले मूल अडखळले की आपल्या तोंडून नकळत पहिले अक्षर निघतेच. त्याआधी दोन शिक्षकांनी एकाच मुलाचे वाचन एकाच वेळी ऐकून वेगवेगळी नोंद करावी. दोघांच्या आकड्यांत दोन-तीन शब्दांहून जास्त फरक आला तर नियम पुन्हा ठरवावेत, उदाहरणार्थ मुलाने स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द चूक धरायचा की नाही. तो बरोबर धरावा असे माझे मत आहे.

बैठकीत ‘आकडा कमी का?’ या प्रश्नाने सुरुवात झाली की शिक्षक बचावाला उभा राहतो. त्यापेक्षा कोणती मुले हलली नाहीत, त्यांच्या बाबतीत ठरलेले काम किती दिवस झाले आणि पुढच्या सहा आठवड्यांत काय वेगळे करायचे, एवढेच बोलावे. काम झाले आणि मूल हलले नाही तर पद्धत बदलायची, किंवा त्या मुलाची नजर आणि श्रवण तपासून घ्यायचे. फळ्यावरचे नीट न दिसणारी मुले वर्षानुवर्षे ‘मागे पडलेली’ म्हणून मोजली जातात. ही तपासणी पहिल्या महिन्यातच झाली तर उत्तम.

मुलांची नावे आणि पायऱ्या शिक्षकांच्या वहीत राहाव्यात. त्या त्या पालकाला त्याच्या मुलाचे सांगावे, सूचनाफलकावर फक्त पायरीनिहाय संख्या लावावी. पालकसभेत पालकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: माझे मूल आज कोणत्या पायरीवर आहे, आणि पुढच्या पायरीसाठी रोज कोणत्या तासिकेत काय चालते? या प्रश्नांना उत्तर देऊ शकणाऱ्या शाळेचा आराखडा वाचला नाही तरी चालेल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. शाळांच्या निकालाच्या आणि क्रमवारीच्या बातम्या देताना टक्केवारीसोबत वर्गात मुले किती, चाचणी किती जणांनी दिली आणि त्याच मुलांची आधीची पातळी काय होती, हे तीन आकडे शाळेकडून मागून घ्यावेत. मिळाले नाहीत तर ‘उपलब्ध नाही’ असे छापावे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका